निळी बेडूकगाडी

१

पाडस तारेत अडकून मेलं होतं. पुढचे पाय तारेच्या पलीकडे, बाकीचं अंग अलीकडे. मान मागे वळलेली, डोळे उघडे.

माझ्यामागे शाळेतली पोरं उभी होती. निघताना मी त्यांना सांगितलं होतं, "आज आपण एक छान गोष्ट बघायला चाललोय." आता ती तारेकडे बघत होती. चौथीतली संस्कृती तेवढी म्हणाली, "बाई, ते कालच उड्या मारायला शिकलं होतं."

मला राग आला की मी हळू बोलते. जन्मभर याच गावात शिकवलं, त्यामुळे निम्म्या गावाला हे ठाऊक आहे. त्या वेळी मी पोरांना अगदी हळू आवाजात मागे सरायला सांगितलं.

आमचं गाव पांढरवाडी, तालुका कर्जत. गावाच्या वरच्या अंगाला गवताचा मोठा माळ आहे आणि माळावर काळविटांचा कळप. राखणीचं काम वनखातं आणि गावाची समिती मिळून करतात. गस्तीला आजवर एक जुनी जीप होती. ती सुरू झाली की पार पलीकडच्या ओढ्यापर्यंत ऐकू जायची. काळविटं बिचकून पळायची. माळाच्या टोकाला चोरून मुरूम खोदणारेही तिच्या आवाजानं सावध व्हायचे, आणि वनपाल राजेश्वरी मॅडम पोचायच्या तेव्हा तिथे नुसता ताजा खड्डा असायचा.

म्हणून नवी गाडी घ्यायचं ठरलं. चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखं वर बसून हँडलनं चालवायची, दगडधोंड्यांतून आणि नाल्यातून सहज जाणारी. शहरात तिला एटीव्ही म्हणतात. आमच्या पोरांनी तिचं नाव बेडूकगाडी ठेवलं. केडगावच्या एका शोरूमनं चाचणीसाठी दोन गाड्या पाठवल्या, एक लाल आणि एक निळी. मॅडमनी घातलेली अट मला फार आवडली होती. जिच्या आवाजाला कळप मान वर करणार नाही, ती गाडी घ्यायची. म्हणजे परीक्षक काळविटंच.

आदल्या संध्याकाळी राखणदार बजरंगनं निळी गाडी हात बसावा म्हणून शाळेसमोरून फिरवली. मी पोरांना डोळे मिटायला लावले आणि म्हटलं, "गाडी समोरून गेली की हात वर करा." गाडी गेली. निम्म्यांचे हात वर झालेच नाहीत. नंतर मी त्यांना सांगितलं, की आवाज गाडीच्या पोटात दात एकमेकांवर आपटल्यानं होतो. लाल गाडीच्या गिअरचे दात सरळ कापलेत, ते टाळी वाजवल्यासारखे एकदम भिडतात. निळीचे दात तिरपे आहेत, बोटांत बोटं सरकवावीत तसे हळूच गुंततात. पोरं घरी जाईपर्यंत बोटं गुंतवत होती.

आणि सकाळी हे.

त्या सकाळी मला जागच उशिरा आली. थंडी आहे, वय झालंय, असं म्हणत घाईनं आवरलं आणि पोरांना घेऊन माळ गाठला. आधी लाल गाडी निघाली. तिच्या खडखडाटानं कळप लांबूनच उठला आणि सरकत दूर गेला. तो पुन्हा चरायला लागेपर्यंत आम्ही थांबलो. मग बजरंग निळी घेऊन निघाला. गाडी गवतातून मांजरासारखी गेली. एकाही काळविटानं मान वर केली नाही. पोरांनी एकमेकांचे हात दाबले.

मग कुठून तरी बारीक रडण्यासारखा आवाज सुरू झाला. तो वाढत गेला. गाडी कळपाच्या अगदी जवळ होती तेव्हा त्याची किंकाळी झाली. लोखंडावर लोखंड घासल्याची, दातांतून कळ जावी अशी. लांबच्या आवाजाला कळप सरकतो, पण कानाशी आलेल्या आवाजाला तो उधळतो. सगळी जनावरं शेताच्या काटेरी तारेवरून उडाली. पाडसाला तेवढी उडी जमली नाही.

तारेपाशी पहिला माणूस पोचला तो समितीचा सचिव गहिनीनाथ. तार त्याच्याच शेताची. त्यानं पाडसाकडे बघितलं, वळला आणि खाली मान घालून उभ्या असलेल्या बजरंगची कॉलर धरली.

"आरं, तू मारलंस ह्याला!"

२

समिती लिंबाच्या पारावर बसली. गहिनीनाथ उभा राहून बोलत होता, आवाज टिपेला.

"गाडीची किल्ली कुणाकडं हुती? बजरंगकडं. काल संध्याकाळी गाडी कुणी फिरवली? बजरंगनं. चालत्या गाडीत वरचा-खालचा गिअर खेचला आन् लावली वाट! मॅडम, असला मानूस राखनीला नको. आन् ही निळी गाडी बी नको. दनकट लाल घ्या, मोकळं व्हा."

शोरूमचा पोरगाही म्हणाला, "चुकीचाच गिअर पडला असणार." राजेश्वरी मॅडम पंचनामा करून आल्या होत्या. चेहरा दगडासारखा. "उद्या दुपारी निर्णय घेऊ," त्या म्हणाल्या. "बजरंग, तोवर तू माळावर जायचं नाहीस."

बजरंगनं मान हलवली. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि मॅडमसमोर पारावर ठेवली. ती शिट्टी त्याच्या बापाची. बापानंही हाच माळ राखला होता.

गर्दीतून त्याची बायको रेश्मा पुढे आली. ती थेट गहिनीनाथला म्हणाली, "गहिनाभाऊ, तुमी एवढं वरडताय, पन रातच्याला पाडसाला कोल्ह्यापासून जपायला ह्योच मानूस काटी घिऊन बसत हुता. तवा तुमी कुठं हुता?"

"बायकांनी मधी बोलायचं काम न्हाई."

"मग मी बोलते," मी म्हटलं. हळू म्हटलं.

गहिनीनाथ माझाच विद्यार्थी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "बाई, तुमी कशाला तरास घेता?"

"पोरांना मी नेलं होतं. ते पाडस कशानं मेलं, हे त्यांना मलाच सांगावं लागणार आहे. खोटं सांगायची मला सवय नाही. मॅडम, उद्या दुपारपर्यंत मला विचारपूस करू द्या."

मॅडम म्हणाल्या, "करा, बाई. पण बजरंगची चूक निघाली, तर मी त्याला ठेवणार नाही."

बजरंगला मी शाळेच्या ओट्यावर बसवलं. तो रडत नव्हता. हाताच्या मुठी मात्र आवळलेल्या होत्या.

"आवाज केव्हा सुरू झाला?"

"म्या सांगून काय उपेग, बाई? समद्यांनी ठरवून टाकलंय."

"मी ठरवलेलं नाही. नीट आठव. गाडी शेडमधून काढलीस तेव्हा होता?"

"न्हाई. शेडातून माळापतुर गप गेली. माळावर अर्ध्यात बारीक चालू झाला, मग वाढतच गेला."

"मग तू काय केलंस?"

"घाबरलो. इंजिन बंद केलं, गिअर मोकळा केला. तिथं उतार हाय ना, गाडी तशीच खाली गेली."

"आणि आवाज?"

त्याच्या कपाळाला आठी पडली. "बाई, इंजिन बंद हुतं. तरी आवाज चालूच हुता. गाडी थांबली तवाच थांबला."

मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. त्याला स्वतःला कळलं नव्हतं, पण त्यानं आत्ताच आपण निर्दोष असल्याची साक्ष दिली होती.

३

पण निर्दोष माणूस सोडवायला खरा दोषी लागतो. दोन्ही गाड्या रात्री समितीच्या शेडमध्ये होत्या. शेडला दार नाही, नुसते पत्रे. शेडच्या मागच्या बाजूला गहिनीनाथचं घर, त्याच्या पलीकडे माझं. रात्री शेडमध्ये कोणी फिरकलं का, हे त्या घराला ठाऊक असणार, म्हणून मी आधी तिथेच गेले.

गहिनीनाथची आई लंकाबाई गोठ्यासमोर कडब्याची कुट्टी करत होती. मशीन चालू होतं. ती एकेक पेंढी आत सारत होती आणि पलीकडून बारीक चारा पडत होता.

"या बाई, बसा," ती पेंढी सारता सारता म्हणाली.

मी जवळच्या बाजेवर टेकले. "लंकाबाई, काल रात्री शेडकडे कोणी आलं होतं का? कुत्री भुंकली?"

"न्हाई बा. कुत्रं तर आमचंच हाय, वळखीच्यावर कशाला भुकंल? त्या केडगावच्या पोरानं गाड्या उतरवल्या आन् दिवस असतानाच टेंपो घिऊन गेला. बजरंग किल्ली घिऊन घरी गेला." तिनं सुस्कारा टाकला. "मला तर ह्या म्हशीची काळजी लागलीया. सकाळधरनं वैरनीला तोंड लावंना."

"आजारी आहे?"

"आजारी कशाची? पानी पिती, रवंथ करती. परवाच्या चाऱ्यातला उरलेला टाकला तर खाल्ला. आजची कुट्टी टाकली की हुंगती आन् फुसकन मागं सरती. दिष्ट लागली, दुसरं काय? मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या."

म्हैस खरंच गव्हाणीपासून लांब उभी होती, नाकपुड्या फुलवून.

तेवढ्यात गहिनीनाथ आला. गोठ्यापुढे नव्यानं पसरलेल्या तांबड्या मुरमावर त्याच्या चपला करकरल्या. मला बघून तो हसला, पण फक्त तोंडानं.

"बाई, मास्तरकी सोडून पोलिसकी?"

"तुझी तार केव्हा ओढलीस रे?"

"अवंदाच. पिकात घुसत्यात ना ती. म्या काय त्यांच्यासाटी ज्वारी पेरली का?" तो आईकडे वळला. "बंद कर ते. बाईंशी बोलायचं तर चार शब्द बोल, न्हाईतर घरात जा."

लंकाबाईनं बटण दाबलं. मशीन थांबलं.

"गहिनीनाथ," मी म्हटलं, "तुला लाल गाडीच का हवी आहे?"

"दनकट हाय म्हनून. आन् त्या शोरूमच्या पोराला विचारा की! लाल गाडी त्याच्याकडं कवापासून पडून हाय, खपत न्हाई. बिघडवायचं कारन कुनाकडं असंल, तर त्याच्याकडं. मला कशाला घोळात घेता?"

हे त्यानं फार पटकन सांगितलं. पण ते खोटं वाटत नव्हतं.

४

शोरूमचा पोरगा समर्थ शेडमध्ये निळ्या गाडीजवळ उकिडवा बसला होता. तो शहरी, नीटनेटका, पण घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

"लाल गाडी तुझ्याकडे पडून आहे म्हणे," मी सरळच विचारलं.

तो उठलाच. "हो, आहे! जुना स्टॉक आहे. मालक रोज माझ्या डोक्यावर बसतात, लाल काढ म्हणून. म्हणून मी नवी गाडी स्वतः बिघडवून जनावर मारीन का? बाई, माझी नोकरी जाईल. मी गाड्या उतरवून गेलो, सकाळी आलो तेव्हा तुम्ही सगळे माळावर उभे होता. या गाडीला हात लावायला मला वेळ तरी होता का?"

"नव्हता," मी म्हटलं. "आणि तू जाण्याआधी ती बिघडलेली नव्हती. संध्याकाळी तिचा आवाज माझ्या पोरांना ऐकूही आला नाही. पण मग बजरंगनं चुकीचा गिअर टाकला असं तूही पारावर का म्हणालास?"

त्यानं नजर चोरली. "गाडीत दोष आहे असं म्हटलं असतं, तर शोरूम अडकलं असतं."

म्हणजे गाडी वाचवायला माणूस द्यायचा. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. कोपऱ्यात बजरंगची सायकल होती, ती मी उलटी करून जमिनीवर ठेवली.

"ये इकडे. पॅडल मार."

"काय?"

"मार म्हणते ना."

त्यानं पॅडल फिरवलं. मागचं चाक गरगरलं.

"आता पॅडल सोड. साखळी थांबली?"

"थांबली."

"आणि ही टिकटिक?"

"चालू आहे. चाकातून येतेय... चाक फिरतंय तोवर येणारच."

"बजरंगनं इंजिन बंद केलं होतं, गिअर मोकळा केला होता. उतारावर नुसती चाकं फिरत होती, आणि किंकाळी चालू होती. सांग आता, बिघाड पॅडलपाशी की चाकापाशी?"

त्यानं फिरतं चाक हातानं थांबवलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "इंजिन नाही. बेल्टही नाही, तो इंजिनाबरोबर थांबतो. चुकीचा गिअर टाकला असता तर मधल्या डब्यात दात तुटले असते, पहिल्यापासून खडखड झाली असती. हा आवाज मागच्या डब्यातला. चाकांना फिरवणारे दात असतात तो डबा."

"तिथले दात सुरुवातीला गप्प, मग हळूहळू रडायला लागतात. असं केव्हा होतं?"

त्यानं पाना घेतला आणि तो गाडीखाली सरकला. सगळी गाडी माळाच्या धुळीनं माखलेली होती, पण मागच्या डब्याच्या बुडाशी असलेल्या नटाभोवती धूळ बसली होती ती वेगळी, ओलसर, नुकतंच काही पुसलेल्या जागेवर बसावी तशी. त्यानं नट सोडला आणि खाली वाटी धरली.

वाटीत एक थेंब पडला. दुसरा पडलाच नाही.

"तेलच नाही," समर्थ गाडीखालून म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "बाई, कोणीतरी तेल काढून घेतलंय. दात कोरडे फिरले."

नट सोडायला किल्ली लागत नाही. पाना लागतो, आणि तो गावात घरोघरी आहे. मी शेडची जमीन वाकून पाहिली. धुळीत तेलाचा एक डागसुद्धा नव्हता. बाहेरच्या गटारात, उकिरड्यावर, कुठेच नव्हता.

"किती तेल असतं?"

"पाण्याच्या छोट्या बाटलीत मावेल एवढं. पण वास उग्र, बाई. सडलेल्या लसणासारखा. सांडलं तर लपत नाही."

मग गेलं कुठे?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडावर ऊन आलं तेव्हा मी जागी झाले. पुन्हा उशीर.

मी अंथरुणातच बसून राहिले. आयुष्यात मी कधी उन्हानं जागी झालेली नाही. माझं वय काही एका रात्रीत वाढलं नव्हतं. मग इतकी वर्षं मला पहाटे उठवत कोण होतं?

आमच्या शाळेत मी एक खेळ घेते. पहाटेचे गावातले आवाज सांगा. पोरं सांगतात: कोंबडा, देवळातली घंटा, दुधाची किटली. आणि दर वेळी कोणीतरी कानांवर हात ठेवून ओरडतं, "गहिनाआबाची कुट्टी मशीन!" त्या मशीनचे दात झिजून कोरडे झाले होते. ते सुरू झालं की गल्लीतली तान्ही पोरं रडत उठायची. मी दहादा गहिनीनाथला म्हटलं होतं, त्याला तेल घाल. तो म्हणायचा, बघू, आनू.

आणि काल मी त्या चालू मशीनशेजारी बाजेवर बसून लंकाबाईशी बोलले होते. दोघींनीही आवाज चढवला नव्हता.

म्हणजे मशीन चालू असूनही किंचाळत नव्हतं.

मी तशीच उठले आणि मॅडमना फोन लावला. "समितीला पारावर नको, लंकाबाईच्या गोठ्यापुढे बोलवा. समर्थला निळी गाडी ढकलत तिथे आणायला सांगा. आणि माझी पोरंही येतील."

"बाई, मुलं कशाला?"

"परवा त्यांनी मेलेलं पाडस पाहिलंय. उत्तर बघायचा त्यांचा हक्क आहे."

बोलताना माझं मलाच कळलं, मी फार हळू बोलत होते. परवा नव्हे, कालच घडलं होतं ते. रागात दिवसही चुकला.

६

सगळे जमले. गहिनीनाथ दारातच उभा होता, हाताची घडी घालून.

"लंकाबाई, जरा मशीन लावा," मी म्हटलं.

तिनं बटण दाबलं. मशीन फिरलं. नुसती पात्याची सरसर. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. संस्कृती म्हणाली, "बाई, ही रडतच नाही!"

"माझ्या घराशेजारचं मशीन रडायचं थांबलं, त्याच सकाळी माळावरची गाडी रडायला लागली," मी मॅडमना म्हटलं. "रडणं या दाराहून त्या दाराला गेलं. ते कुणीतरी नेलं."

"मशीनला तेल घातलं, ह्यो गुन्हा झाला काय?" गहिनीनाथ उसळला. "तुमीच तर सांगत हुता, घाल म्हनून! कर्जतच्या दुकानातनं आनलं."

"चांगलं केलंस. समर्थ, निळीच्या पुढच्या चाकांनाही तसाच डबा आहे ना? त्यात तेल आहे?"

"आहे, बाई. तोच कंपनीचा माल. आमच्या कंपनीचं तेल हिरवं असतं. बाजारात मिळतं ते मधासारखं पिवळट."

मी पिशवीतून खडू काढले. पांढरा खडू तेल शोषतो आणि रंग लपवत नाही. एक खडू समर्थनं निळीच्या पुढच्या डब्यात बुडवला. दुसरा मी मशीनच्या तेल घालायच्या भोकात घातला, जिथे ताजं तेल अजून साचलेलं होतं. तिसरा मॅडमनी गहिनीनाथच्याच ट्रॅक्टरजवळच्या, बाजारातल्या तेलाच्या डब्यात बुडवला.

मी तिन्ही खडू तळहातावर ठेवून पोरांपुढे धरले. "बोला."

"दोन हिरवे!" सगळी ओरडली. "एक पिवळा!"

सडलेल्या लसणासारखा वास गोठ्याभर पसरला. म्हैस फुसकन मागे सरली. लंकाबाईनं म्हशीकडे पाहिलं, मग खाली सांडलेल्या कुट्टीवरच्या तेलकट डागांकडे, मग लेकाकडे.

"म्हंजी दिष्ट न्हाई लागली," ती म्हणाली.

गहिनीनाथचा चेहरा उतरला. पण राग उतरला नव्हता. "बरं, काढलं तेल! गाडी जराशी वाजंल एवढंच वाटलं. पाडसाला म्या ढकललं का तारंत?"

"का काढलंस, ते सांग."

त्यानं म्हशीकडे तोंड फिरवलं.

"मग मी सांगते. चुकलं तर दुरुस्त कर. जीप निघाली की ओढ्यापर्यंत ऐकू जाते, म्हणून माळ खोदणारे कधी सापडले नाहीत. लाल गाडी आली असती तरी तेच. निळी आली असती, तर मॅडम तुझ्या ट्रॅक्टरच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या असत्या आणि तुला कळलंही नसतं. तुला दणकट गाडी नको होती, गहिनीनाथ. तुला आधीच ओरडून सांगणारी गाडी हवी होती." मी पायाखाली पाहिलं. "मी कालपासून ज्याच्यावर उभी आहे, तो मुरूम कुठला?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. मॅडमनी वाकून एक मूठ उचलली. तांबडा, चमकीचा. तसा मुरूम आमच्या शिवारात एकाच ठिकाणी निघतो, माळाच्या टोकाला.

"आणि एवढं करून पाप माझ्या बजरंगच्या गळ्यात घातलंस," मी म्हटलं. "मेलेल्या पाडसासमोर उभं राहून त्याची कॉलर धरलीस. मुलांसमोर. तुला वाचायला मी शिकवलं रे. लाज कुठे शिकवतात ते मात्र मला कळलं नाही."

"बाई, आता बास..."

"एकच विचारते. तेल माळावर ओतून दिलं असतंस, तर मातीनं पिऊन टाकलं असतं. मी जन्मभर शोधत बसले असते. का नाही ओतलंस?"

त्यानं पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. मान खाली घालून, अगदी शाळेतल्यासारखं.

"नवं तेल व्हतं, बाई. एकदम नितळ. टाकवंना."

गर्दीतून कोणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकानं आपल्या घरी गळणारं तेल डब्यात धरून ठेवलेलं होतं. कुणीच ते ओतलं नसतं.

राजेश्वरी मॅडमनी फोन काढला आणि गहिनीनाथला ओट्यावर बसायला सांगितलं. मग त्या बजरंगकडे गेल्या, खिशातून शिट्टी काढून त्याच्या हातात ठेवली. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. बजरंगनं शिट्टी गळ्यात घातली, पण तो हसला नाही. "मॅडम, पाडूस?" एवढंच त्यानं विचारलं. मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

निळीच्या मागच्या डब्यात नवे दात बसले, नवं तेल पडलं आणि गाडी माळावर आली. पहिल्या दिवशी मी पोरांना घेऊन गेले. बजरंग कळपाच्या कडेनं गेला. काळविटं चरत राहिली. एका मादीनं तेवढी मान वर केली, पण ती गाडीकडे बघत नव्हती. ती तारेकडे बघत होती. तार मॅडमनी काढायला लावली होती, खांब अजून उभे होते.

परतताना गल्लीच्या तोंडाशीच आम्हाला ती किंकाळी ऐकू आली. पोरांनी कानांवर हात ठेवले. लंकाबाई एकटीच कुट्टी करत होती. मशीनशेजारी एका वाटीत हिरवं तेल होतं. तिनं ते स्वतः काढलं होतं. म्हैस गव्हाणीत तोंड घालून चारा खात होती.

"लंकाबाई," मी ओरडून म्हटलं, कारण त्याशिवाय ऐकू गेलं नसतं, "बाजारातलं थोडं तेल आणून घालू का? सगळ्या गल्लीला त्रास होतो."

तिनं पेंढी सारली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"न्हाई बाई," ती तेवढ्याच जोरानं म्हणाली. "माझ्या लेकानं काय केलं, ते गावाला रोज ऐकू जाऊ द्या. वरडू द्या त्याला."